एचआयव्ही सेवेतून सुटणारी तरुण मुलं: काय बदलावं, सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: केंद्रात तपासणी मोफत होते, औषधांचा साठा व्यवस्थित असतो, समुपदेशक मनापासून काम करतात, तरीही १५ ते २४ वयोगटातली मुलं-मुली तपासणीला कमी येतात, प्रेप (संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) सुरू केलेली दोन-तीन महिन्यांत थांबवतात आणि एआरटीवर (विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांवर) असलेली मधेच दिसेनाशी होतात. यावर उपाय म्हणून जनजागृतीचे कार्यक्रम वाढवावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

जनजागृती चालू ठेवा, पण तिच्यामुळे हे चित्र बदलेल असं मला वाटत नाही. वीसहून अधिक वर्षं मी या वयाच्या मुलांवर उपचार करते आहे. जी मुलं उपचार सोडून गेली, त्यांतल्या बहुतेकांना गोळ्या का घ्यायच्या हे माझ्याइतकंच नीट सांगता येत होतं. अडत होतं ते दुसरीकडेच. एक तारीख चुकते. परीक्षा असते, घरात भांडण झालेलं असतं, नाहीतर गोळ्यांची बाटली बघूनच नको वाटत असतं. पुढच्या तारखेला जाताना मागच्या तारखेचं काय सांगायचं हा प्रश्न पडतो. तिसऱ्या तारखेपर्यंत केंद्राच्या दाराशी जायचीच लाज वाटू लागते. मग चार महिने, सहा महिने, वर्ष. म्हणून नव्या केंद्रात गेले की मी आधी एवढंच विचारते: चार महिने न आलेला मुलगा आज आला, तर त्याच्याशी पहिलं वाक्य कोण बोलतं आणि ते काय असतं?

हे मी एका मुलीमुळे विचारायला लागले. ती १७ वर्षांची होती, जन्मापासून संसर्ग असलेली. सात महिन्यांच्या खंडानंतर ती एकटी, स्वतःहून आली. नोंदणीच्या खिडकीवर सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं, "इतके दिवस कुठे होतीस?" मग जुनी फाइल शोधण्यात दोन तास गेले. मग सांगितलं गेलं की खंड पडलेल्या रुग्णाला आधी समुपदेशनाच्या तीन बैठका पूर्ण कराव्या लागतात, त्यानंतरच औषध. ती रिकाम्या हाताने परत गेली. वर्षभराने आली ती टीबी घेऊन, वजन १२ किलोने कमी होऊन. त्या दिवशी तिच्याशी कुणीही वाईट हेतूने वागलं नव्हतं. नियम होता, तो सगळ्यांनी पाळला. मीही त्याच केंद्रात होते आणि तो नियम मला तोवर खटकला नव्हता, याची बोच अजून आहे.

तेव्हा तुमच्या केंद्रातला पहिला बदल इथे करा. परत आलेल्या तरुणाला त्याच दिवशी डॉक्टर भेटला पाहिजे आणि शक्य असेल तर त्याच दिवशी औषध मिळालं पाहिजे. समुपदेशन हवंच, पण ते औषधाच्या आधीची अट म्हणून ठेवू नका, औषधाच्या सोबतीने करा. खिडकीवरच्या माणसाला एकच वाक्य शिकवा: "आलास, बरं झालं. बस, लगेच बघतो." हे ऐकायला अगदी किरकोळ वाटतं, मात्र रोज शंभर माणसं हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तोंडी ते रुळायला आमच्याकडे जवळजवळ वर्ष लागलं.

त्याच दिवशी औषध म्हणजे डोळे मिटून औषध नव्हे. दीर्घ खंडानंतर आलेल्या रुग्णाला वरवर बरा दिसला तरी प्रगत आजार असू शकतो, म्हणून सीडी४ चाचणी (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) परत करा. ती २०० च्या खाली असेल तर लघवीतली टीबी लॅम चाचणी आणि रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी (मेंदूपर्यंत पोचू शकणाऱ्या बुरशीची) करा, इतर संसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोल सुरू करा. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं हे चार प्रश्न प्रत्येकाला विचारा. आणि डोकेदुखी आवर्जून विचारा. सतत डोकं दुखत असेल, मान आखडत असेल, वागण्यात बदल असेल, तर मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) नाही याची खात्री होईपर्यंत एआरटी सुरू करणं लांबवावं लागतं. अशा वेळी घाई जिवावर बेतते. हे सगळं नसेल तर वाट बघण्यात काही अर्थ नाही. पूर्वी एफाविरेन्झ या जुन्या औषधाच्या काळात खंड पडला की रिझिस्टन्सची, म्हणजे विषाणूवर औषध चालेनासं होण्याची, धास्ती असायची. आताच्या डोल्युटेग्रॅविर या औषधाने ती बरीच कमी केली आहे, कारण त्याच्याविरुद्ध रिझिस्टन्स तयार व्हायला विषाणूला फार कष्ट पडतात. परत आलेल्या मुलाला तेच औषध लगेच देऊन तीन महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) पाहणं ही बहुतेक वेळा योग्य चाल असते.

आता, ही मुलं सुटतात कुठे? माझ्या पाहण्यात गळती सांध्यांवर होते. तपासणीच्या खोलीपासून उपचाराच्या खोलीपर्यंत जाताना, मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना, घरातून वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी जाताना. शिवाय तुम्ही ज्यांना एकाच वयोगटात धरता आहात, ती दोन अगदी वेगळी माणसं आहेत. एक जन्मतः संसर्ग असलेला: दहा-पंधरा वर्षं गोळ्या खाऊन कंटाळलेला, अनेकदा आई किंवा वडील गमावलेला, वयाच्या मानाने उंची कमी, तारुण्य उशिरा आलेलं, मागच्या औषधांचा इतिहास गुंतागुंतीचा. दुसरी हल्लीच लैंगिक संबंधातून किंवा सुईतून संसर्ग झालेली: धक्क्यात असलेली, जोडीदाराला काय सांगू या विचाराने झोप उडालेली, आणि घरात कुणालाही काही माहीत नसलेली. पहिल्याला समुपदेशनात "एचआयव्ही म्हणजे काय" हे पुन्हा सांगणं त्याचा अपमान आहे. दुसरीला तेच शांतपणे, तीन वेळा सांगावं लागतं. अहवालात मात्र दोघं एकाच रकान्यात येतात.

जन्मतः संसर्ग असलेल्या मुलांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथली चूक पुढे अनेक वर्षं भोवते. मुलाला त्याचा आजार कधी सांगायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शन दिलं: शाळकरी वयातच, म्हणजे साधारण ६ ते १२ वर्षांत, समजेल तसं टप्प्याटप्प्याने सांगावं. प्रत्यक्षात काय होतं? पालक घाबरतात. मुलाने बाहेर बोलून दाखवलं तर? आपल्याला दोष दिला तर? मग "रक्त कमी आहे", "फुफ्फुसं नाजूक आहेत" अशा कारणांवर वर्षं निघतात. मुलगा चौदाव्या वर्षी बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतो आणि त्याला एकाच क्षणी दोन गोष्टी कळतात: आजार कोणता आहे आणि घरच्यांनी, डॉक्टरांनी, नर्सताईंनी सगळ्यांनी मिळून खोटं सांगितलं. माझ्या अनुभवात गोळ्या फेकून देण्याचा पहिला प्रसंग बरेचदा याच सुमारास येतो, आणि तो राग गोळीवरचा नसतो.

म्हणून आमच्याकडे सातव्या-आठव्या वर्षापासून बोलणं सुरू होतं. आधी एवढंच: तुझ्या अंगात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. खोटं काही सांगायचं नाही, फक्त नाव अजून घ्यायचं नाही. दहा-अकराच्या सुमारास नाव. ते नाव शक्यतो पालकांच्या तोंडून यावं, आम्ही शेजारी बसावं. पालकांची तयारी हाच यातला खरा वेळखाऊ भाग आहे. काही आयांबरोबर वाक्य कसं बोलायचं याची तालीमच करावी लागते. नाव सांगून झालं की काम संपत नाही. पंधराव्या वर्षी त्याच मुलाला वेगळे प्रश्न पडतात: मला कुणी जवळ करेल का, मला मुलं होतील का, प्रेमात पडलो तर कधी सांगू. त्या वेळी पुन्हा सगळं नव्याने बोलावं लागतं.

त्या वयात सांगण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट आता आपल्या हातात आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. व्हायरल लोड मोजण्याच्या पातळीखाली राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह असलेल्या समलिंगी पुरुष जोडप्यांचा युरोपातला पार्टनर अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंडोमविना झालेल्या सुमारे ७६,००० संबंधांची त्यात नोंद होती आणि उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून झालेला संसर्ग शून्य होता. स्त्री-पुरुष जोडप्यांबाबतही आधीच्या टप्प्यात तेच दिसलं होतं. सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की त्याच्यासाठी गोळीचा अर्थच बदलतो. "सीडी४ वाढेल" याने त्याला काही वाटत नाही; "तू कुणाला इजा करणार नाहीस" याने वाटतं. मी हे सांगताना काही पालक अस्वस्थ होतात, मुलगा मोकाट सुटेल अशी त्यांना भीती वाटते. माझ्या पाहण्यात उलटच झालं आहे: ही गोष्ट नीट समजलेली मुलं आपला व्हायरल लोड किती आला हे स्वतःहून विचारतात. कंडोमची गरज मात्र संपत नाही, इतर लैंगिक आजार आणि नको असलेली गर्भधारणा यांसाठी तो हवाच.

गोळ्यांबद्दल विचारण्याची आपली पद्धतही बदलायला हवी. "गोळ्या नियमित घेतोस ना?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, आणि ते देऊन मुलगा सुटका करून घेतो. बाटलीतल्या गोळ्या मोजूनही फार कळत नाही, कारण दाराबाहेर उरलेल्या गोळ्या टाकून देणं सोपं असतं. मी विचारते, "गेल्या आठवड्यात कुठला दिवस जड गेला?" किंवा "सगळ्यांच्याच चुकतात. तुझ्या कधी चुकतात, सकाळी की रात्री, घरी की बाहेर?" मग खरं बाहेर येतं. वसतिगृहात कपाटाला कुलूप नाही. शनिवारी मित्राकडे राहायला जातो आणि बाटली खिशात खुळखुळते. खुळखुळण्यावर आम्ही बाटलीत कापूस घालायला सांगतो, किंवा दोन दिवसांच्या गोळ्या साध्या डबीत. एका मुलीचा व्हायरल लोड नियमित गोळ्या घेऊनही वाढलेला होता. चौकशीत निघालं की ती रक्तवाढीची लोहाची गोळी डोल्युटेग्रॅविरसोबत, रिकाम्या पोटी घेत होती. लोह आणि कॅल्शियम या औषधाचं शोषण रोखतात. दोन्ही जेवणासोबत एकत्र घ्यावीत, नाहीतर डोल्युटेग्रॅविर लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. तिला आम्ही तीन महिने "गोळ्या चुकवू नकोस" असं बजावत होतो. मुलांवर विश्वास ठेवून पुढे तपासायचं, हा धडा मी त्या केसमधून घेतला.

मनाच्या आजाराबद्दल वेगळं प्रकरण लिहावं लागेल, इथे एवढंच: ज्याच्या गोळ्या वारंवार चुकतात त्याला झोप, भूक, रडू आणि मरणाचे विचार याबद्दल सरळ विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

आता तुमच्या केंद्रापुढे एक खरा पेच उभा राहील. मुलांची शाळा-कॉलेज बुडू नये म्हणून तीन किंवा सहा महिन्यांची औषधं एकदम द्यावीत, असं आपण म्हणतो, आणि ते बरोबर आहे. पण अमेरिकेत १५ ते १७ वयाच्या मुलांवर झालेला प्रेपचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भेटी दर महिन्याला होत्या तोपर्यंत साधारण निम्म्या मुलांच्या रक्तात औषधाची पातळी चांगली होती. भेटी तीन महिन्यांवर नेल्या आणि पातळी घसरत गेली. म्हणजे वारंवार बोलवावं की बोलवू नये? माझं उत्तर असं की भेट आणि संपर्क या दोन गोष्टी वेगळ्या करा. औषध तीन महिन्यांचं द्या, पण संपर्क आठवड्याचा ठेवा: एक छोटा मेसेज, पाच मिनिटांचा फोन, आणि त्यात आजाराचं नाव कुठेही नसावं. नुकतंच सुरू केलेल्यांना पहिले तीन महिने हा संपर्क दाट हवा, नंतर विरळ चालतो. हा संपर्क डॉक्टरने करायची गरज नाही. खरं तर डॉक्टरने करूच नये.

तो कुणी करावा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण झिंबाब्वेतलं आहे. तिथे २००४ मध्ये पॉझिटिव्ह मुलांचा एक छोटा आधारगट सुरू झाला, झ्वांदिरी नावाचा. शोना भाषेत याचा अर्थ "मी जसा आहे तसा". त्यातून पुढे एक पद्धत उभी राहिली: एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वयाचे तरुण प्रशिक्षण घेऊन आपल्याहून थोड्या लहान मुलांच्या घरी जातात, मेसेज करतात, गटात बसवतात. बिंदुरा आणि शाम्वा या जिल्ह्यांतल्या १३ ते १९ वयाच्या मुलांवर या पद्धतीची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांच्या आसपास, नेहमीची सेवा मिळणाऱ्या गटात व्हायरल लोड १,००० किंवा त्यावर असलेल्या अथवा दगावलेल्या मुलांचं प्रमाण ३६ टक्के होतं. असा तरुण साथीदार मिळालेल्या गटात २५ टक्के. या कामात इतका फरक दाखवणारे उपाय फार थोडे आहेत.

हे वाचून उत्साहाने दोन मुलांना "स्वयंसेवक" म्हणून नेमू नका. आम्ही तसं केलं होतं आणि ते फसलं. साथीदाराला मानधन द्या, नेमकं आणि वेळेवर. त्याच्याकडे किती मुलं असतील याची मर्यादा ठरवा. दर आठवड्याला कुणीतरी जाणत्या माणसाने त्याच्यासोबत बसायला हवं, कारण तोही पॉझिटिव्ह आहे. ज्या मुलाकडे तो सहा महिने जात होता ते मूल गेलं, तर त्या रात्री त्याच्या स्वतःच्या गोळीचं काय होतं याचा विचार आपण केला पाहिजे. त्याचा व्हायरल लोड वाढला म्हणून त्याला कामावरून काढणं तर सर्वांत वाईट. आणि तो पंचविशीचा झाल्यावर काय, हेही आधीच बोलून ठेवा. निधी आटला की कात्री पहिल्यांदा याच माणसांवर चालते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत अचानक थांबली तेव्हा अनेक देशांत आधी हेच काम बंद पडलं. औषध टिकलं, औषधापर्यंत आणणारा हात गेला. तुमच्या अंदाजपत्रकात साथीदारांचं मानधन औषधांइतकंच महत्त्वाचं माना.

प्रतिबंधाकडे वळते. इथेही मूळ अडचण परत येण्याचीच आहे. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतल्या तरुणींच्या एका अभ्यासात बहुतेक सगळ्यांनी प्रेप स्वीकारलं, पण वर्षअखेर जेमतेम एकतृतीयांश जणींच्या रक्तात औषध सापडलं. सुरू करण्याची इच्छा कमी नव्हती. रोज एक गोळी, तीही कुठलाच आजार नसताना, लपवून घ्यायची, हे वर्षभर निभावणं कठीण होतं. घरात कुणाच्या हाती बाटली लागली तर "तुला एचआयव्ही आहे का" हाच पहिला प्रश्न येतो.

मी प्रेपबद्दल बोलताना आता "कायम" हा शब्द वापरत नाही. जोखमीचा काळ येतो आणि जातो. नातं तुटलं, वर्षभर कुणी नाही, थांबवलं, यात अपयश काही नाही. फक्त थांबवण्याची रीत आणि परत सुरू करण्याची रीत आधीच सांगून ठेवा: पुन्हा सुरू करताना आधी चाचणी, आणि मुलींनी रोजची गोळी सलग घेणं फार महत्त्वाचं, कारण योनीमार्गातल्या पेशींत औषध पुरेसं साठायला वेळ लागतो आणि मधल्या चुकांना जागा कमी असते. पुरुषांसाठी चालणारी, संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एक-एक अशी घ्यायची पद्धत मुलींना सांगू नका. ही गफलत मी पाहिली आहे. आणि पेप विसरू नका. जोखीम घडून ७२ तास झालेले नसतील तर २८ दिवसांचं औषध संसर्ग टाळू शकतं, जितक्या लवकर तितकं चांगलं. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीसाठी सोमवारी दुपारी खुलणारं केंद्र इथे कमी पडतं, म्हणून तातडीच्या विभागात पहिले तीन दिवसांचं औषध ठेवायची सोय करा. पेप घ्यायला आलेल्याला २८ दिवस संपताना प्रेपबद्दल विचारा. हा एक सांधा जवळजवळ सगळीच केंद्रं सोडून देतात.

इंजेक्शनांनी आता बरंच काही बदलू शकतं. कॅबोटेग्रॅविर दोन महिन्यांनी एकदा आणि लेनाकापाविर सहा महिन्यांनी एकदा. लेनाकापाविरच्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत १६ ते २५ वयाच्या २,१३४ मुली-तरुणींना हे इंजेक्शन दिलं गेलं आणि त्यांच्यापैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. हे २०२४ मध्ये कळलं तो दिवस मला आठवतो, आम्ही सगळे काम थांबवून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. घरात बाटली नाही, कुणाला दिसत नाही, वर्षातून दोन भेटी. मात्र सहा महिन्यांनी एकदा येणारी मुलगी विसरणं केंद्राला सोपं जातं, आणि या औषधाचा अंश शरीरात बरेच महिने हळूहळू कमी होत राहतो. त्या काळात संसर्ग झाला तर रिझिस्टन्सचा धोका असतो. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यांची यादी गोळ्या घेणाऱ्यांपेक्षाही काटेकोर ठेवा. इंजेक्शन मिळायला लागलं म्हणून गोळी बंद करू नका. ज्याला जे झेपतं ते त्याला निवडू द्या.

तपासणीला मुलं येत नाहीत, त्याचं एक उत्तर स्वतः करायची चाचणी हे आहे. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. विशेषतः मुलगे, जे केंद्राच्या आसपास फिरकत नाहीत, ते घरी बंद दाराआड करतात. दोन गोष्टी किटसोबत स्पष्ट लिहा: पॉझिटिव्ह दिसलं तरी ते अंतिम नाही, खात्रीची चाचणी हवी, आणि अलीकडेच जोखीम घेतली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. आणि एक फोन नंबर, जो रात्री दहाला उचलला जातो. नंबर नसलेलं किट मी कुणाच्या हातात देणार नाही.

आणखी एक बाजू तरुणांच्या सेवेच्या चर्चेत हटकून राहून जाते. तरुण मुलींना संसर्ग होतो तो बरेचदा त्यांच्या वयाच्या मुलांकडून होत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल भागात विषाणूंच्या जनुकीय साखळ्या जुळवून पाहिल्या, तेव्हा मुलींना संसर्ग देणारे पुरुष सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठे निघाले. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण तुमच्या मोठ्यांच्या विभागात पंचविशी-तिशीतले किती पुरुष उपचाराबाहेर आहेत, हे पाहिल्याशिवाय मुलींचा प्रतिबंध पूर्ण होत नाही.

वयाची अट आणि संमती याबद्दल कायदे देशागणिक वेगळे आहेत. दक्षिण आफ्रिकेत १२ वर्षांचं मूल स्वतः संमती देऊ शकतं, अनेक ठिकाणी १८ पर्यंत पालक लागतात. तुमच्याकडचा कायदा नेमका काय म्हणतो ते वाचा, आणि कर्मचाऱ्यांनाही वाचायला द्या. "पालकांना घेऊन ये" हे वाक्य बरेचदा कायद्यातून येत नाही, सवयीतून येतं. समलैंगिक मुलगा, ट्रान्स मुलगी, सुईने नशा करणारा तरुण, यांच्यासाठी ते वाक्य म्हणजे बंद दारच. त्यांतला कुणी तुमच्याकडे येत नसेल तर तो तुमच्या भागात नाही असं समजू नका.

मोठ्यांच्या विभागात पाठवताना फाइल पाठवून भागत नाही. तिकडच्या डॉक्टरने आधी दोनदा आमच्या खोलीत येऊन मुलाला भेटावं, पहिल्या भेटीला आमची नर्स सोबत जावी, आणि तीन महिन्यांनी तो तिथे पोचला का हे आम्हीच विचारावं. वाढदिवस पाहून पाठवू नका; व्हायरल लोड वाढलेला असताना किंवा परीक्षेच्या महिन्यात तर अजिबात नको.

नोंदवहीत १५-१९ आणि २०-२४ वेगळे करा, आणि एक नवा रकाना काढा: "परत आले". सुटलेल्यांचा आकडा सगळेच ठेवतात. परत आलेल्यांचा मी क्वचितच पाहिला आहे, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी कुणाला वेळ मिळत नाही.

सुरुवात कुठून, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. येत्या सोमवारी गेल्या बारा महिन्यांत सुटलेल्या १५ ते २४ वयाच्या मुलांची यादी काढा. ती पन्नासची असेल तर पहिली दहा घ्या. ज्या नर्सचा आवाज मुलांना ओळखीचा आहे तिने फोन करावा, दुपारी उशिरा, शाळा-कॉलेज सुटल्यावर. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर केंद्राचं नाव घ्यायचं नाही, फक्त "ताईंचा फोन होता म्हणून सांगा" एवढंच. मुलाने उचलला तर "का आला नाहीस" हा प्रश्न त्या फोनमध्ये येऊ द्यायचा नाही. "तुझी आठवण आली म्हणून फोन केला. कसा आहेस? या आठवड्यात कुठल्या दिवशी जमेल? मी स्वतः दाराशी थांबते." आणि मग त्या दिवशी खरोखर दाराशी थांबायचं, तो एक तास उशिरा आला तरी.